ओढ्यानं परत दिलेलं इष्टलिंग

संगप्पाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सोलापूरच्या बाळीवेशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं त्याचं दुकान होतं. सुई कापडात अडली तर तो सुईला शिव्या घालायचा आणि गिऱ्हाईक उशिरा आलं तर गिऱ्हाइकाला. लोक हसायचे, कारण हा राग चुलीवरच्या दुधासारखा, फुंकर मारली की बसायचा. पण चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात त्याला जो राग आला तो बसायला तयार नव्हता. ज्याच्यावर राग होता तो त्याचा जिवाभावाचा मित्र होता, आणि राग कशाचा ते चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

सुरुवात केली रफीकनं. रफीकच्या चुलत्याचे ट्रक होते आणि रफीक त्यातला एक चालवायचा. कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माल टाकायचा आणि परत यायचा. आला की संगप्पाच्या दुकानात ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसून तिकडच्या पावसाच्या गोष्टी सांगायचा. म्हणे, तिकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दगडाला पाणी फुटतं, आणि ढग माणसाच्या कमरेला घासून जातात. मोठा दुष्काळ नुकता कुठं सरला होता. टँकरच्या मागं घागर घेऊन पळालेल्या सोलापूरकराला ह्या गोष्टी थापाच वाटणार. संगप्पा त्याला तोंडावर थापाड्या म्हणायचा. शेवटी रफीक एकदा चिडून म्हणाला की चल मग, पाठीवर सामान टाकून पायीच जाऊ. पाटणच्या पुढं डोंगर चढायचा, माथ्यामाथ्यानं हिंडायचं आणि पलीकडं घाटरस्त्यावर उतरायचं.

तिसरा शिवपुत्र. हा मूळचा मंद्रूपचा, शहरात हायस्कुलावर मास्तर होता. गोड गळ्याचा, सावकाश बोलणारा, आणि भारी शिवभक्त. संगप्पा आणि शिवपुत्र दोघंही लिंगायत. गुरूनं लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग दोघांच्याही अंगावर. ते मरेपर्यंत उतरवायचं नाही, रोज तळहातावर घेऊन पूजायचं आणि मगच अन्नपाण्याला शिवायचं, हा दोघांच्याही घरचा रिवाज. फरक एवढाच की शिवपुत्राची पूजा तासभर चालायची आणि संगप्पाची, गौरम्माच्या म्हणजे त्याच्या आईच्या भाषेत, 'मांजरानं तोंड धुतल्यासारखी'. दोन थेंब पाणी, चिमूटभर विभूती, की झालं. वर पुन्हा शिवपुत्राला चिडवायचं, की बाबा, तुझा देव काय बहिरा आहे का इतका वेळ आळवायला.

तयारी अशी केली की ज्याचं नाव ते. तिघांच्या पाठीवरच्या पिशव्या संगप्पानं स्वतः ताडपत्रीच्या शिवल्या आणि पट्टे लावले खाटेच्या जाड नवारीचे, हत्ती लटकला तरी तुटू नयेत असे. पांघरायला अर्थातच आपल्या गावच्या चादरी. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, हे सोलापुरात ब्रह्मवाक्य होतं आणि ते ब्रह्मवाक्य सह्याद्रीतल्या पावसानं ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी भाकरी वातड झाली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर हिरवी बुरशी आली. चादरींचं तर विचारूच नका. तसली जाड सुती चादर एकदा भिजली की पाणी सोडत नाही. पिळायला दोन माणसं लागायची, आणि पिळून पाठीवर घेतली की पुन्हा भिजून मेलेल्या रेडकाएवढी जड व्हायची.

संगप्पा पहिल्या दिवसापासून धुमसत होता. पाऊस थांबत नाही म्हणून धुमसत होता आणि रफीक खोटं बोलत नव्हता म्हणूनही. जळवा पायताणातून वर चढायच्या आणि रक्त पिऊन बोंडासारख्या फुगायच्या. त्यातून रोज सकाळी शिवपुत्राची पूजा. बाकी दोघं काकडत उभे, आणि हा दगडाच्या आडोशाला भिजल्या आसनावर बसून, हातावर लिंग घेऊन, डोळे मिटून गात बसलेला. विभूतीचा चिखल झालेला, तो चिखलच कपाळाला फासायचा. रफीकला त्याचं काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, करू दे रे, नमाज असती तर तू मला थांबवला असतास का? संगप्पा म्हणायचा, तुझी नमाज लवकर संपती.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. एका दुपारी माथ्यावरून ढग बाजूला झाले आणि खाली सगळी दरी हिरवीगार दिसली, जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या पाण्याच्या धारा. दुष्काळात विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरलेल्या माणसाला एवढं पाणी नुसतं वाहून जाताना बघून काय वाटावं? संगप्पाला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. शिवपुत्रानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा मित्र होता तो, म्हणून तर पुढचं सगळं जिव्हारी लागलं.

त्याच संध्याकाळी रफीकला हुडहुडी भरली. एका पडक्या गोठ्यात तिघांनी रात्र काढली. सकाळी रफीकचं अंग चुलीतल्या विटेसारखं भाजत होतं आणि श्वास घेताना छातीत घरघर वाजत होती. आदल्या दिवशी भेटलेल्या गवळ्यानं सांगितलं होतं की ओढा ओलांडून डोंगराच्या सोंडेसोंडेनं उतरलं की दुपारपर्यंत घाटरस्ता लागतो. संगप्पानं शिवपुत्राची पूजा कशीबशी आवरायला लावली आणि तिघं निघाले.

ओढा कमरेएवढा होता. रफीकला मध्ये घेऊन, हातात हात गुंफून ते पार झाले. पलीकडं ताडपत्री पसरून रफीकला आडवं केलं, आणि संगप्पा मागं वळून बघतो तर शिवपुत्र छाती चाचपत उभा. एकदा चाचपली, दोनदा चाचपली, सदरा फाडल्यासारखा उघडला. इष्टलिंग ज्या दोऱ्यात बांधतात त्याला शिवदार म्हणतात. संगप्पाचा शिवदार आखूड, गळ्यालगत. शिवपुत्राचा लांब, डाव्या खांद्यावरून छातीवर येणारा, जुन्या माणसांसारखा. त्या खांद्यावर इतके दिवस नवारीचा पट्टा घासत होता आणि दोरा ओला तो ओलाच होता. दोऱ्याचं झिजलेलं टोक तेवढं खांद्यावर लोंबत होतं. लिंग ओढ्यात गेलं होतं.

शिवपुत्र तिथंच चिखलात मांडी घालून बसला.

संगप्पाला पहिल्यांदा वाटलं, माणूस हबकला आहे, घटकाभरात उठेल. तो उठेना. संगप्पानं समजावून पाहिलं. म्हणाला, मठात जाऊ, स्वामींना सांगू, नवं घेऊ, असं पूर्वीही लोकांचं झालेलं आहे. शिवपुत्र नुसता पाण्याकडं बघत होता. पाणी दिलं, घेतलं नाही. शेजारी रफीक चादरीत कण्हत होता आणि मधूनच ट्रकच्या क्लीनरला हाका मारत होता.

"ऊठ," संगप्पा म्हणाला. "ह्याला खाली न्यायला पायजे."

"तू घेऊन जा. मी हितनं उठणार नाही."

"एकट्यानं कसा न्यू? चिखल बघ की. चादरीची झोळी करून दोघांनीच न्यायला लागंल."

"लिंग गेलं, संगप्पा. आता हा देह उचलून काय करू?"

"तुजा देह कोन उचलाय सांगतंय? रफीकला उचल म्हनतोय मी."

शिवपुत्रानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता आणि हेच संगप्पाला सहन झालं नाही.

"तुझ्या नवारीनं कापला रे शिवदार," तो हळूच म्हणाला.

संगप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर पट्टे त्यानंच लावलेले, आणि कौतुकानं लावलेले. वर हा माणूस एक मरणाला टेकलेला मित्र बाजूला टाकून दुसऱ्या मरणाची तयारी करत बसलेला. एक क्षणभर त्याला वाटलं की ह्याच्या थोबाडीत द्यावी आणि फरफटत न्यावं. पण शिवपुत्राला तो लहानपणापासून ओळखत होता. हा मऊ माणूस एकदा बसला की हत्ती लावूनही उठणारा नव्हता.

तेव्हा संगप्पा पाण्यात शिरला. खरोखर शोधायलाच शिरला. ओढ्याच्या वळणापलीकडं जिथं पाणी जरा संथ होतं तिथपर्यंत तो तळ चाचपत गेला. हाताला दगड लागत होते, मुळ्या लागत होत्या. सुपारीएवढं लिंग, कापडात गुंडाळलेलं, आणि असलं पिसाळलेलं पाणी. ते तोवर कोकणातही पोचलं असेल. तो पाण्याला शिव्या देत होता, पावसाला देत होता, शिवपुत्राला देत होता. मग एका खडकाला धरून तो थांबला. इथून दोघंही दिसत नव्हते, फक्त रफीकचा खोकला ऐकू येत होता.

त्यानं स्वतःच्या गळ्यातला शिवदार दातांनी तोडला. काय करतो आहे हे त्याला कळत होतं. लिंग हरवणं वेगळं आणि आपल्या हातानं उतरवणं वेगळं. पण विचार करत बसला असता तर हात थांबला असता. त्यानं ते कापडासकट पाण्यात बुचकळलं, मुठीत धरलं आणि वर चढून आला.

"घे. मुळ्यांत अडकलं हुतं."

शिवपुत्रानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. पाठ फिरवून त्यानं कापड सोडलं आणि बराच वेळ बघत राहिला. संगप्पाचा जीव टांगणीला लागला. रोज तासभर हातात घेऊन बघणाऱ्याला आपलं लिंग ओळखू येणार नाही, असं होईल का? पण शिवपुत्र वळला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. त्यानं ते कपाळाला लावलं, शिवदाराला गाठ मारून गळ्यात बांधलं आणि उठून झोळीचं एक टोक खांद्यावर घेतलं.

उतरताना दोघं किती वेळा पडले त्याची गणती नाही. पडले तरी झोळी सोडली नाही. दुपार कलताना घाटरस्ता लागला, ओळखीचा ट्रक भेटला, आणि चिपळूणच्या डॉक्टरनं रफीकला न्यूमोनिया झाल्याचं सांगून आत घेतलं. अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाला. ते ऐकून शिवपुत्र भिंतीला टेकून रडला. संगप्पानं त्याला चहा आणून दिला. त्या वेळी राग संपल्यासारखा वाटला होता.

राग परत आला तो सोलापुरात. रफीक चुलत्याच्या ट्रकमधून घरी आला, खाटेवर पडून कमरबीच्या म्हणजे आईच्या हातचं सूप पिऊ लागला. त्याला डोंगरावरचं काहीच आठवत नव्हतं. संगप्पाला वाटलं, आता एखाद्या दिवशी शिवपुत्र येईल, दुकानात कुणी नाही बघून हळूच विषय काढेल, मग दोघं मिळून मठात जाऊ आणि काय ते निस्तरू. शिवपुत्र आला नाही. त्याच्याऐवजी त्याची गोष्ट आली.

गोष्ट अशी होती. शिवपुत्राचं इष्टलिंग महापुरात वाहून गेलं. त्यानं ओढ्याकाठी अन्नपाणी सोडून प्राणत्याग मांडला. आणि देवाला दया येऊन ओढ्यानंच लिंग परत दिलं. ही गोष्ट पहिल्यांदा शिवपुत्राची आई चंद्रव्वा हिनं शेजारी सांगितली. तिथून ती किराणा दुकानात गेली, मंद्रूपच्या बाजारात गेली, बार्शीपर्यंत गेली. दर मुक्कामाला पाणी वाढत गेलं. संगप्पाच्या कानावर आली तोपर्यंत लिंग कमळावर बसून तरंगत आलेलं होतं. त्यात संगप्पाचं नाव कुठंच नव्हतं. बाळीवेशीतली माणसं त्यालाच थांबवून विचारायची की तू तर होतास तिथं, तू बघितलंस का. तो दात-ओठ खात मान हलवायचा.

आणि रोज सकाळी तो देवघराचं दार लोटून घेऊन रिकामा तळहात समोर धरून बसायचा. गौरम्माला कळू नये म्हणून. आईला फसवण्यासाठी केलेलं हे सोंग त्याला आधी दोन मिनिटांचं वाटलं होतं. पण हात रिकामा असला की वेळ जाता जात नाही. दिवसभर ताडपत्रीवर वाकलं की पूर्वी गळ्याखाली काहीतरी लोंबायचं आणि तो वैतागून ते सदऱ्यात खुपसायचा. अजूनही हात तसाच छातीकडं जायचा आणि मोकळा परत यायचा. मग शेजारच्या कारागिराला उगाचच बोलणी बसायची.

गौरम्माला कळायचं ते कळलंच. उकाड्यात सदरा काढून तो पाटावर बसला, आणि वाढायला वाकलेल्या गौरम्माचा हात तसाच राहिला. तिनं दुरडी खाली ठेवली.

"संगू, लिंग कुटं हाय?"

"गेलं, अव्वा. डोंगरात. पान्यात गेलं."

ती भिंतीला धरून बसली. मग तिनं जे विचारलं ते तिनं ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"शिवपुत्राचं गेलं तर त्यानं पान्याला तोंड लावलं न्हाय. जीव द्यायला बसला. तुजं गेलं, आनि तू घरी येऊन माज्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्यास व्हय?"

संगप्पाच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण सांगायचं काय? हरवलं नाही, आपल्या हातानं काढून दिलं, हे तिला ऐकवायचं? आणि दिलं त्याचा बोभाटा होऊन चंद्रव्वाच्या घरावर काय येईल? तो ताटावरून उठला. त्या दिवसापासून गौरम्मानं त्याचं ताट बाहेर कट्ट्यावर ठेवायला सुरुवात केली. ज्याच्या अंगावर लिंग नाही त्याला जुनी माणसं भवी म्हणतात आणि पंगतीला घेत नाहीत. ती स्वतः एक वेळच जेवू लागली. तिनं सांगितलं की श्रावणी सोमवारी मठात सगळे जमतात, तिथं सगळ्यांसमोर स्वामींना सांग की लिंग गेलं आणि मी खात-पीत राहिलो. प्रायश्चित्त घे, नवं घे, मग माझ्या स्वयंपाकघरात ये.

कट्ट्यावर बसून भाकरी खाताना रस्त्यावरून जाणारे येणारे बघायचे. संगप्पाला घास गिळवत नव्हता. आदल्या रविवारी भर दुपारी तो शिवपुत्राच्या घरी गेला. चंद्रव्वा आणि बहीण हेमावती बाजारात गेल्या होत्या. शिवपुत्र वह्या तपासत बसला होता. संगप्पाला बघून त्यानं लाल पेन बाजूला ठेवलं आणि दार लोटून घेतलं. म्हणजे ह्याला माहीत आहे, हे संगप्पाला तेव्हाच कळलं.

"कवा कळालं?" संगप्पानं विचारलं.

"हातात घेतलं तेव्हाच. माझं जड होतं."

"मग घेतलंस कशाला?"

"रफीक कण्हत होता."

हे उत्तर खोटं नव्हतं, आणि संगप्पा क्षणभर निवलाही. त्यानं आवाज खाली आणला. जगाला काही सांगू नको, म्हणाला. फक्त माझ्या अव्वाला येऊन सांग. ती एक वेळ जेवते. मला कट्ट्यावर बसवते. तिच्या नजरेत मी खादाड, नास्तिक कार्टा झालोय आणि तू संत.

शिवपुत्रानं मान खाली घातली. मी चमत्कार वगैरे काही बोललो नव्हतो, तो म्हणाला. आईला एवढंच सांगितलं की गेलं होतं आणि सापडलं. पुढचं तिनं वाढवलं. आता बार्शीच्या लोकांनी ही गोष्ट ऐकूनच हेमावतीला पसंत केलं आहे. माणसं फार कर्मठ आहेत. गौरम्मामावशींना सांगितलं तर त्या आज ना उद्या मठात बोलतील, आणि मग सगळंच मोडेल. हे तो इतक्या मऊपणानं, इतक्या समजूतदारपणे सांगत होता की संगप्पाला त्याचा गळा धरावासा वाटला. आणि मग तो म्हणाला,

"तुझं दुःख मला कळतं. पण तुला तसा काय फरक पडतो, संगप्पा? तू कुठं मानतोस ह्यातलं काही?"

इतकी वर्षं संगप्पानंच हे सगळ्यांना सांगितलं होतं, हसत, टिंगल करत. देव बहिरा आहे का म्हणून विचारणारा तोच. पण ओढ्यात खडकाला धरून दोरा दातांत घेतला तेव्हा तो तोडणं किती जड गेलं, हे ह्याला कोण सांगणार? जे मानत नाही ते काढून द्यायला कसली आली हिंमत! ह्यानं ते घेतलं, रोज तासभर पूजलं, आणि देणाऱ्यानं काहीच दिलं नाही असं धरून चालला.

"मी मानत न्हाई हे तुला बरं सोयीचं हाय," एवढंच तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

सोमवारी मठ भरला होता. शिवपुत्राला स्वामींच्या शेजारी बसवलं होतं. स्वामींनी त्याला सांगायला लावलं तेव्हा त्यानं अगदी थोडक्यात सांगितलं, नजर जमिनीवर ठेवून, आणि लोकांना ती त्याची नम्रता वाटली. बायकांच्या बाजूला चंद्रव्वा पदरानं डोळे पुसत होती. तिच्याशेजारी हेमावती नवं लुगडं नेसून बसली होती. तिच्या मागं बार्शीची पाहुणी मंडळी. गौरम्मानं लांबूनच संगप्पाला खूण केली.

संगप्पा उठला. काल रात्रीपासून त्यानं ठरवून ठेवलं होतं की खरं काय ते सगळं बोलायचं, आणि मग मठ कोसळो की आभाळ. तो स्वामींच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याची नजर शिवपुत्रावर गेली. शिवपुत्राचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अप्पाजी, डोंगरात माझं लिंग गेलं," संगप्पा म्हणाला. आवाज चढाच होता, मागं बसलेल्यांनाही ऐकू गेला. "मी कुनाला सांगितलं न्हाई."

"मग अन्नपाणी?" स्वामींनी विचारलं.

"घेतलं. जेवलो. भूक लागंल तवा जेवलो."

मठात कुजबूज झाली. कुणीतरी चुकचुकलं. हे सगळं तो शिवपुत्राच्या डोळ्यांत बघून बोलत होता, एकेक शब्द त्याला मोजून देत होता. शिवपुत्राला ते सोसलं नाही. तो उठला, हात जोडले.

"अप्पाजी, मला काही सांगायचं आहे. हे खरं तसं..."

"खाली बस, शिवपुत्र," संगप्पा म्हणाला.

पुढचं त्याला लख्ख दिसलं होतं. हा आता सगळं सांगेल, रडत सांगेल. लोकही रडतील. म्हणतील, केवढा सच्चा माणूस, भर सभेत स्वतःची लाज उघडी केली. ह्या गोष्टीपेक्षा ती गोष्ट मोठी होईल आणि पुन्हा हाच तिच्यात मधोमध बसेल. आणि तिकडं त्या नव्या लुगड्यातल्या पोरीचं लग्न मोडेल, जिनं कुणाचं काही घेतलं नव्हतं. काल दार लोटून बसला होतास तेव्हा बोलायचं होतंस. आता नाही. खरं बोलून मोकळं व्हायचं सुख मी तुला देणार नाही.

"माझं माझ्या हातनं गेलं," तो म्हणाला. "त्यात तुजं काय हाय? बस."

शिवपुत्र उभाच होता. ओठ हलत होते. लोकांना वाटलं, मित्राची बाजू घ्यायला उठला आहे बिचारा. मग तो हळूहळू खाली बसला आणि त्यानं सदऱ्यावरून छातीवर हात दाबून धरला.

स्वामींनी प्रायश्चित्त सांगितलं, मंत्र दिला, नवं इष्टलिंग संगप्पाच्या तळहातावर ठेवलं. ते हलकं होतं आणि अजून कुणाचंच नव्हतं. त्यानं ते गळ्यात बांधून घेतलं आणि शिवपुत्राकडं न बघता बाहेर पडला. त्यानंतर तो शिवपुत्राच्या घराची पायरी कधी चढला नाही. रफीकनं दोघांना एकत्र आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. भांडण कशावरून हे त्याला दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही.

घरी आल्यावर गौरम्मानं चूल पेटवली. संगप्पाला आत पाटावर बसवलं, गरम भाकरी वाढली, वर तुपाची धार धरली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. वाढता वाढता ती म्हणाली,

"शिवपुत्रासारखा दोस्त हाय म्हनून तुला बुद्धी सुचली, यप्पा. त्याला कवा विसरू नगंस."

संगप्पानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिला.